कोकणातल्या पावसात सूक्ष्मदर्शकाची भिंगं: काय घ्यावं, काय टाळावं, कसं ठेवावं

चिपळूणजवळ राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. त्यांनी बंद झालेल्या पॅथॉलॉजी लॅबमधून दोन आयपीसचा, म्हणजे डोळ्याशी दोन भिंगं असलेला, सूक्ष्मदर्शक घेतला आहे. त्यावर ४, १०, ४० आणि १०० एक्स (तितके पट मोठं दाखवणारी) अशी चार ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडची भिंगं, आहेत. डबक्यातलं पाणी, शेवाळ, परागकण बघण्याचा नाद त्यांना आणि त्यांच्या आठवीतल्या मुलीला लागला आहे. पण ४०मधून सगळं धुरकट दिसतं. दुकानदार म्हणतो, २५ एक्सचे आयपीस घ्या, २५०० पट मोठं दिसेल. त्यात पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून बुरशीची धास्ती. पुढे कोणती भिंगं घ्यावीत आणि सगळं ठेवावं कसं, असं ते विचारतात.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. २५चे आयपीस अजिबात घेऊ नका. नवं ऑब्जेक्टिव्हही या पावसाळ्यात नको. हाताशी असलेले पैसे आधी कोरड्या साठवणीला लावा, ४०चं ऑब्जेक्टिव्ह स्वच्छ करा आणि कंडेन्सर, म्हणजे नमुन्याखालचं प्रकाश एकवटणारं भिंग, नीट लावायची सवय करा. एवढं करूनही काही उणं वाटलं, तर दसऱ्यानंतर २०चं एक चांगलं प्लॅन (कडेपर्यंत सपाट चित्र देणारं) ऑब्जेक्टिव्ह घ्या. कोकणात महागडं भिंग आणून ते सादळू देण्यापेक्षा साधं भिंग कोरडं ठेवलं तर ते वर्षानुवर्षं जास्त दाखवतं, हे मी अनेकांच्या टेबलांवर पाहिलेलं आहे.

आता ४०च्या धुरकटपणाकडे वळू. पॅथॉलॉजी लॅबमधून आलेल्या यंत्राचं ४०चं ऑब्जेक्टिव्ह तेलकट निघणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की मी दुसरं काही तपासण्याआधी तेच तपासतो. रक्ताच्या काचेवर तेलाचा थेंब टाकून, त्यात टोक बुडवून १००मधून पेशी मोजल्या जातात. मग दुसरी जागा शोधायला कामाच्या घाईत टेक्निशियन नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) मागे फिरवतो आणि ४०चं टोक त्याच थेंबातून घासत जातं. ४०चं भिंग आणि कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) यांत जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे ते तेलातून सुटतच नाही. हे कोरडं वापरायचं भिंग आहे. त्यावर तेलाचा पातळ थर बसला, त्यात धूळ रुतली, की चित्र धुक्यातून पाहिल्यासारखं होतं. लोक समजतात भिंग बाद झालं. बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं.

खात्री अशी करा. ४०चं ऑब्जेक्टिव्ह आटे फिरवून हळूच सोडवा. एक आयपीस काढून उलटा धरा, म्हणजे एरवी नळीत जाणारं टोक तुमच्या डोळ्याशी आणि एरवी डोळ्याशी असणारं टोक ऑब्जेक्टिव्हच्या पुढच्या भिंगाजवळ. १० एक्सचा आयपीस असा उलटा धरला की उत्तम तपासणी-भिंग होतं. आता ऑब्जेक्टिव्ह जरासं तिरकं करून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या इवल्याशा काचेत आणा. भिंग स्वच्छ असेल तर प्रतिबिंबाची कड धारदार दिसते. तेल असेल तर कड फाटते, रंगीत पट्टे तरळतात, कडेला चिकट कडं दिसतं. पुष्कळशा प्लॅन ४०चं पुढचं भिंग किंचित खोलगट असतं. त्या खळग्यात तेल साचून राहतं आणि वरवर पुसून निघत नाही.

पुसायचा क्रम पाळा. आधी रबरी फुग्याने हवा मारून धुळीचे कण उडवा, कारण कण तसाच ठेवून पुसलं तर तो काचेवर ओरखडा काढतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. मग लेन्स पेपर घ्या. शर्टाचं टोक, धोतराची चिंधी, हात पुसायचा टिश्यू यांतलं काहीही चालत नाही. लेन्स पेपरची घडी पेट्रोलियम ईथरने किंवा ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने फक्त ओलसर करा आणि न दाबता एकदा फिरवून तो तुकडा टाकून द्या. दुसऱ्या वेळी नवा तुकडा. खळग्यातलं तेल काढायला बांबूच्या काडीला शोषक कापूस पिळून गुंडाळा आणि मध्यापासून कडेकडे गोल फिरवत या. द्रव भिंगावर थेट ओतू नका, तो कडेने आत झिरपतो आणि भिंगं चिकटवणाऱ्या डिंकापर्यंत पोहोचतो. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट टाळा, ते वाळल्यावर पापुद्रा राहतो. लॅबमध्ये सर्रास वापरलं जाणारं झायलीनही नको, तुमच्या फुप्फुसांसाठीही आणि जुन्या भिंगांच्या डिंकासाठीही. पेट्रोलियम ईथर झटकन पेट घेतं. गॅसची शेगडी, उदबत्ती, देवापुढचा दिवा असलेल्या खोलीत ते उघडू नका.

हे केल्यावर ४० उजळलं, तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

आता २५०० पटीचं बघू. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर दोन आकडे तिरक्या रेघेने वेगळे केलेले असतात: ४/०.१०, १०/०.२५, ४०/०.६५, १००/१.२५. पहिला आकडा किती पट, हे सगळे वाचतात. खरं भिंग कळतं ते दुसऱ्या आकड्यावरून. त्याला एन.ए. (न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर) म्हणतात. नमुन्यातून निघणारा प्रकाश भिंग किती रुंद कोनातून गोळा करतं, त्याचं ते माप. जर्मनीतल्या येना इथे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिलं, की दोन बारीक ठिपके वेगळे दिसणार की एकच, हे प्रकाशाची तरंगलांबी आणि हा कोन ठरवतात. हिशेब सोपा आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिला ०.६१ने गुणा आणि एन.ए.ने भागा. तुमचं ४चं भिंग सुमारे ३.४ मायक्रॉन, १०चं १.३, ४०चं ०.५ आणि १००चं ०.२७ मायक्रॉन अंतरावरचे ठिपके वेगळे दाखवू शकतं. त्याहून जवळचे ठिपके एकमेकांत मिसळलेलेच येणार. मागचा आयपीस कितीही जोरदार लावा, मिसळलेला ठिपकाच मोठा होऊन दिसेल.

म्हणून उपयोगी वाढीचा ठोकताळा एन.ए.च्या ५०० ते १००० पट असा धरतात. १००/१.२५ला वरची मर्यादा १२५० पट. तुमचे १०चे आयपीस त्यावर १००० पट देतात, म्हणजे ते आधीच मर्यादेजवळ आहेत. २५चे लावलेत तर चित्र अंधारेल, पसरट होईल, डोळ्यात तरंगणारे धाग्यांसारखे ठिपके दिसू लागतील आणि एकही नवा तपशील मिळणार नाही. शिवाय अशा आयपीसवर डोळा जवळजवळ टेकवावा लागतो, चष्मा असेल तर अर्धं वर्तुळ कापलं जातं. कधी मोजमापासाठी, कधी डोळे कमजोर झाले म्हणून १५चे आयपीस मी समजू शकतो. २५चे नाही.

भिंग खरंच किती दाखवतं हे पाहायचं असेल तर डायटम घ्या. हे एकपेशीय शैवाल स्वतःभोवती सिलिकाचं कवच बांधतं आणि त्यावर विलक्षण नियमित रेघा असतात. प्लुरोसिग्मा अँग्युलेटम नावाच्या प्रजातीत या रेघांमधलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतं, म्हणजे नेमकं ४०/०.६५च्या मर्यादेवर. स्वच्छ करून वाळवलेल्या कवचावर तुमच्या ४०ने त्या रेघा तिरक्या उजेडात पकडल्या, तर ते भिंग चोख आहे असं खुशाल समजा. प्लुरोसिग्मा वंशाचे डायटम खाऱ्या-मचूळ पाण्यातले. वाशिष्ठीच्या खाडीच्या गाळाचा वरचा तपकिरी पापुद्रा चमचाभर घेऊन पाहा, तिथे ते भेटण्याची चांगली शक्यता आहे. आणि गोड्या पाण्यातले डायटम बघायचे तर आपल्या भागाचा मान मोठा आहे: डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळगड या परिसरातल्या डायटमची बारकाईने नोंद केली. त्यांनी पाहिलेल्या कित्येक जाती आजही ओढ्यातल्या दगडावरच्या बुळबुळीत थरात सापडतात.

पण ही धार मिळायला ऑब्जेक्टिव्ह एकटं पुरत नाही. खालचा कंडेन्सर त्याला तितक्याच रुंद कोनाचा प्रकाश देत नसेल, तर ०.६५चं भिंगसुद्धा ०.३०च्या भिंगासारखं वागतं. कॉन्ट्रास्ट वाढावा म्हणून कंडेन्सर खाली सरकवून ठेवायची सवय आपल्या शाळा-कॉलेजांतून लागते, ती सोडा. कंडेन्सर काचेच्या अगदी जवळ वर आणा. आयपीस काढून नळीतून खाली पाहा, एक उजळ वर्तुळ दिसेल. कंडेन्सरमधला उघडमीट होणारा पडदा हळूहळू मिटत न्या आणि त्या वर्तुळाच्या व्यासाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग उजळ राहील तिथे थांबा. आयपीस परत घाला. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं. उजेड जास्त वाटला तर दिव्याचं बटण कमी करा, पडद्याने उजेड कमी करू नका. आणखी एक बिनखर्चाची गोष्ट: काळ्या कार्डशीटची गोल चकती कापून कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या खाचेत मधोमध ठेवा. चकती लहान-मोठी करून पाहावी लागते, पण जमली की १०मधून डबक्यातले जीव काळ्या पार्श्वभूमीवर लखलखताना दिसतात. मुलीला हे आधी दाखवा.

आता विकत घ्यायचा विचार. ऑब्जेक्टिव्हवर दुसरी एक जोडी कोरलेली असते, बहुधा १६०/०.१७. यातलं १६० म्हणजे नळीची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि ०.१७ म्हणजे भिंगाने गृहीत धरलेली कव्हरस्लिपची जाडी. १६०च्या जागी आडव्या आठासारखी खूण असेल तर ते अनंत-नळीचं भिंग. ते तुमच्या यंत्राच्या आट्यांत बसेलही, कारण बहुतेकांचे आटे सारखेच असतात. लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने एकोणिसाव्या शतकात ठरवून दिलेले हे आटे जगभर रुळले. पण बसणं आणि जुळणं वेगळं. अनंत-नळीच्या यंत्रात नळीतच एक जादा भिंग असतं आणि त्याचं नाभीय अंतर कंपनीगणिक वेगळं: ऑलिम्पसचं १८० मिलिमीटर, निकॉन आणि लायकाचं २००, झाइसचं १६५च्या आसपास. तुमच्या यंत्रात ते भिंगच नाही. तेव्हा १६०च्या यंत्राला १६०चंच घ्या. अंबाल्याला तयार होऊन आपल्या शाळा-कॉलेजांत येणारे बरेचसे साधे सूक्ष्मदर्शक १६०चेच असतात, त्यामुळे सुटी भिंगं मिळणं अवघड नाही.

लांबीही मोजा. ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून (नोजपीसला टेकणाऱ्या कडेपासून) नमुन्यापर्यंतचं अंतर आजच्या भिंगांत ४५ मिलिमीटर असतं, जुन्या जपानी भिंगांत ३६-३७च्या आसपास. दोन्ही प्रकार एकाच नोजपीसवर लावले, तर आखूड भिंगावर फोकस करून फिरवताना लांब भिंग थेट काचेवर आदळतं. एकाच कंपनीच्या एकाच काळातल्या मालिकेत राहिलात तर हा त्रास उद्भवत नाही.

आयपीसच्या बाबतीत जुळणीची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. जुन्या काळी पुष्कळ कंपन्या ऑब्जेक्टिव्हमध्ये राहिलेला रंगदोष आयपीसमध्ये उलट दोष घालून फेडत असत. अशा भिंगाला साधा आयपीस लावला, किंवा साध्या भिंगाला तसला आयपीस लावला, तर वर्तुळाच्या मध्यावर सगळं ठीक आणि कडेला प्रत्येक काळ्या ठिपक्याला एका बाजूने लाल व दुसऱ्या बाजूने निळी कड दिसते. ओळखायची खूण अशी: आयपीस हातात घेऊन खिडकीकडे धरा आणि वर्तुळाची कड पाहा. भरपाई करणाऱ्या आयपीसमध्ये ती पिवळसर-नारिंगी दिसते. महागडं ऑब्जेक्टिव्ह घेऊन चुकीच्या आयपीसने ते बिघडवणारे बरेच आहेत. तुमच्याकडे कडेला रंग दिसत नसतील तर आयपीसना हात लावू नका.

मग घ्यायचं काय? माझं ठाम मत २०चं प्लॅन, २०/०.४०. कारण सांगतो. तुमच्या घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा असणार. पावसाआधी वाळून करडं पडलेलं त्यावरचं शेवाळ रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी पिळून त्या पाण्याचे थेंब पाहा. आठ पायांचं, डुलत चालणारं जलअस्वल (टार्डिग्रेड नावाचा सूक्ष्म प्राणी) सापडण्याची शक्यता चांगली. बहुतेक जलअस्वलं पाऊण मिलिमीटरच्या आतली, बरीचशी ०.३ ते ०.५ मिलिमीटर लांबीची. साध्या आयपीसचा क्षेत्र-आकडा (त्यातल्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास) १८ धरला, तर १०मध्ये तुम्हाला १.८ मिलिमीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं, त्यात ते इवलंसं वाटतं. ४०मध्ये वर्तुळ ०.४५ मिलिमीटर, म्हणजे जनावर चौकटीबाहेर आणि दोन पावलांत गायब. २०मध्ये ०.९ मिलिमीटर: पूर्ण अस्वल मावतं, नख्या दिसतात, आणि ते चालत राहिलं तरी स्टेज (काच ठेवायची पाटी) हळूहळू सरकवत पाठलाग करता येतो. शिवाय २०चं काचेपासूनचं अंतर ४०पेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे थोड्या जाड थेंबावरही ते चालतं. पॅथॉलॉजीला २०ची गरज क्वचित पडते म्हणून लॅबच्या यंत्रावर ते नसतं. डबक्याच्या पाण्याला ते सगळ्यांत जास्त लागतं.

प्लॅन म्हणजे कडेपर्यंत सपाट चित्र. फोटो काढायचे असतील तर प्लॅनचे पैसे वसूल होतात. डोळ्यानेच बघायचं तर साधी अ‍ॅक्रोमॅट भिंगं पुरतात, कारण हलत्या जीवाला आपण मध्यावरच ठेवतो. प्लॅन-अ‍ॅपोक्रोमॅटचा, म्हणजे रंगदोष जवळजवळ पूर्ण काढलेल्या महागड्या भिंगांचा, मोह आत्ता नको. ४०/०.९५सारखं भिंग कव्हरस्लिपच्या जाडीत शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी रुसतं, आणि काचेखाली पाण्याचा जाड थर असला तर त्याचा फायदा हाती येतच नाही. त्याऐवजी कव्हरस्लिप चांगल्या घ्या. बाजारात सहज मिळणाऱ्या १ नंबरच्या स्लिप ०.१३ ते ०.१६ मिलिमीटरच्या असतात. दीड नंबरच्या ०.१६ ते ०.१९च्या, म्हणजे भिंगाने मागितलेल्या ०.१७ला धरून. हा बदल स्वस्त आहे आणि ४०मध्ये डोळ्यांना जाणवतो.

वापरलेलं ऑब्जेक्टिव्ह घेताना उलट्या आयपीसने पुढचं भिंग पाहाच, पण मागून आत पाहायलाही विसरू नका. आकाशाच्या उजेडाकडे धरा. आतमध्ये तेलाच्या तवंगासारखे रंगीत डाग किंवा चमचमणारे ठिपके दिसले, तर भिंगांमधला डिंक सुटू लागला आहे. ते दुरुस्त होत नाही. कितीही मोठ्या नावाचं असलं तरी परत द्या. कडेकडून आत शिरणारे, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. ४० आणि १००चं टोक लेन्स पेपरमधून हलकेच दाबून बघा. ते स्प्रिंगवर आत जाऊन परत यायला हवं. अडकत असेल तर काचेवर आपटल्यावर भिंग फुटेल. १००च्या पुढच्या भिंगामागे तेल शिरलेलं नाही ना, तेही बघा.

आता साठवण. खरं तर याच भागासाठी मी लिहायला बसलो.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. तुमच्या घरात, माझ्या घरात, दुकानातून आलेल्या नव्या भिंगावरही. एका भिंगाची बुरशी दुसऱ्याला लागेल म्हणून घाबरून ते वेगळ्या खोलीत ठेवणाऱ्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो. बीजाणू रुजायला ओलावा लागतो. हवेची आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, जागा अंधारी आणि हवा कोंडलेली असली आणि काचेवर बोटांचं तेल किंवा धूळ असली, की धागे फुटतात. त्यांतून झिरपणारी आम्लं भिंगावरचा लेप खातात आणि पुढे काचही. वेळेवर लक्षात आलं तर बाहेरचे धागे पुसता येतात. उशीर झाला तर धागा निघतो आणि त्याचा कोरीव ठसा तसाच राहतो. ४ आणि १०च्या साध्या भिंगांपलीकडे आत बुरशी गेली असेल तर ऑब्जेक्टिव्ह घरी उघडू नका. ४० आणि १००मधल्या भिंगांची अंतरं मायक्रॉनच्या हिशेबाने बसवलेली असतात.

कोकणात मृगापासून पुढचे तीन-चार महिने हवा कित्येक दिवस नव्वदीच्या घरात असते. अशा हवेत यंत्रासोबत आलेली लाकडी पेटी ही भिंगांची सगळ्यांत वाईट जागा. लाकूड आणि आतलं फेल्ट पाणी धरून ठेवतात. त्यात टाकलेली सिलिका जेलची पुडी लाकूडच सुकवत बसते आणि दोन दिवसांत दमते. पेटी माळ्यावर ठेवा, आठवण म्हणून. चामड्याची खोळही तशीच.

सुट्या भिंगांसाठी झाकणाला रबरी रिंग असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला मलमलच्या पुरचुंडीत सिलिका जेल, वर ऑब्जेक्टिव्ह आपापल्या प्लास्टिकच्या डब्यांत, त्या डब्यांची झाकणं किंचित सैल. सिलिका जेल मोकळं पसरू नका, त्याची बारीक भुकटी भिंगावर बसते. काही शे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवा आणि पारदर्शक झाकणातून रोज नजर टाका. चाळीस ते पन्नास टक्के हे तुमचं लक्ष्य. तीसच्या खाली नेऊन काही मिळत नाही. साठच्या वर चढू लागलं की जेल बदला.

जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं, हे छान दिसतं, पण त्यातला निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तो आरोग्याला घातक. घरात मूल असताना तो नको. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला लागतं. त्याहून जास्त तापवलं तर रंग करपतो आणि जेल ओलं की कोरडं ते कळेनासं होतं. दोन पुरचुंड्या ठेवा: एक डब्यात, एक ओव्हनमध्ये. ताट किंवा ट्रे स्वयंपाकाचा वापरू नका.

अडचण पूर्ण यंत्राची. पावसाळा हाच डबक्यांचा खरा हंगाम, त्यामुळे यंत्र चार महिने बांधून ठेवा असं मी सांगणार नाही. रोज ऑब्जेक्टिव्ह काढा-घाला करणंही चुकीचं, त्याने आटे झिजतात आणि उघड्या भोकांतून धूळ वरच्या प्रिझमपर्यंत जाते. यावर मी अनेकांकडे करून दिलेला उपाय असा: कपडे ठेवायची मोठी प्लास्टिकची पेटी घ्या, सूक्ष्मदर्शक उभा मावेल इतकी खोल. ती उलटी वापरायची. झाकण टेबलावर तळासारखं ठेवा, त्यावर यंत्र, शेजारी अर्धा ते एक किलो जेल, मापक, आणि वरून पेटी पालथी घालून खटके लावा. अशा पेट्यांना रबरी रिंग नसते, म्हणून कडेने दारं-खिडक्यांना लावायची चिकट फोमची पट्टी फिरवा. काम झालं की पेटी पुन्हा पालथी. दिवा नुकताच बंद केला असेल तर आधी थोडा वेळ निवू द्या. पत्र्याच्या कपाटात तळाशी कमी वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवायची जुनी लॅबची पद्धतही चांगली आहे. आतली हवा दोन-चार अंशांनी गरम राहते आणि आर्द्रता आपोआप उतरते. पण चिपळुणात वीज किती टिकते ते तुम्हालाच ठाऊक. जेलला वीज लागते ती फक्त ओव्हनपुरती.

कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवू नका. त्यांची वाफ काचेवर बारीक स्फटिकांचा थर धरते. वातानुकूलित खोलीतून यंत्र बाहेर काढायचं असेल तर बंद पेटीसकट काढा आणि तासभर उघडू नका, नाहीतर थंड भिंगांवर आतबाहेर दव जमतं. १००वरचं तेल त्याच दिवशी पुसा. आजची कृत्रिम तेलं लगेच सुकत नाहीत म्हणून लोक गाफील राहतात. जुन्या लॅबमधून मिळालेली सीडरच्या तेलाची बाटली मात्र फेकून द्या, ते तेल भिंगावर वाळून राळेसारखं घट्ट होतं. पावसाळाभर महिन्यातून एकदा प्रत्येक ऑब्जेक्टिव्ह त्या उलट्या आयपीसने आणि मागून उजेडाकडे धरून तपासा, म्हणजे धागा कडेला असतानाच सापडेल.

राहिली तुमची मुलगी. तिला यंत्र वापरू द्या, तुम्ही शेजारी नसतानाही. त्याआधी १००चं काढून डब्यात ठेवा आणि नोजपीसच्या त्या भोकाला प्लास्टिकची टोपी लावा. डबक्याच्या पाण्यात १००चा काही उपयोग नाही आणि काचेवर टेकून फुटण्याचा धोका त्यालाच जास्त. तिला एक गोष्ट हाताशी धरून शिकवा: ४०वर जाताना आयपीसमध्ये न बघता बाजूने, डोळा स्टेजच्या पातळीवर आणून बघायचं, भिंग काचेजवळ न्यायचं, आणि मगच आयपीसमध्ये बघत बारीक स्क्रू दूर नेण्याच्या दिशेने फिरवायचा. २०चं आलं की पहिल्यांदा शेवाळाचा थेंब तिलाच लावू द्या.